दुसऱ्या शीलानंतर गेलेल्या जँडल्स

मार्च २००६, रविवार, सकाळी साडेअकरा. न्यूझीलंडमध्ये लोअर हटमधल्या भाड्याच्या सभागृहात बुद्धवंदना संपली आणि दारातून धम्मदीनाच्या निळ्या रबरी चपला, इथल्या भाषेत जँडल्स, गेल्या.

बाहेर आडवा पाऊस. ती अनवाणी उभी होती... तेवढ्यात इमारतीला वळसा घालून एक उंच तरुण धावत आला. हातात तिच्याच जँडल्स.

"जय भीम. सॉरी... आईला पायऱ्या उतरवत नाहीत. मागच्या दाराशी तिच्या चपला न्यायच्या होत्या. तिच्याही निळ्याच."

"'न दिलेलं घेणार नाही' हे दुसरं शील आत कोण म्हणत होतं?"

"मीच. मोठ्यानं."

ती वेलिंग्टनला कायद्याच्या शेवटच्या वर्षात होती. "सुटलात. नुसतं उचललं म्हणजे चोरी होत नाही, मनात लबाडी लागते. चूक प्रामाणिक असली की गुन्हा नाही."

"आणि चूक कळल्यावरही रेंगाळलो तर?"

"का रेंगाळलात?"

"पाऊस..." तो म्हणाला. पावसाकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मागच्या दारातून त्याच्या आईचा, बेबीताईंचा आवाज आला, "मैत्रेय, माझ्या चपला कुठं आहेत रे?"

पुढं दर रविवारी तो एखादा खटला घेऊन यायचा.

"माझ्या ताटातलं शेवटचं भजं कुणी उचललं, तर हातावर चमचा मारता येतो?"

"मारता नाही. गरजेपुरता आडवा धरता येतो."

"तूच उचललंस तर?"

"मग चमचा खाली ठेव."

नोव्हेंबरात तिला ऑकलंडच्या एका वकिलाकडे नोकरी मिळाली. मैत्रेयची नोकरी इथं, आईही त्याच्याजवळ. तो खटले विचारत राहिला; विचारायचं ते राहिलं. निघण्याआधीच्या रविवारी तिच्या जँडल्स पुन्हा दारात नव्हत्या. पायरीवर मैत्रेय होता, हात पाठीमागे.

"चुकून?"

"नाही. या वेळी जाणूनबुजून."

"बचाव?"

"काहीच नाही. थांब म्हणायचा मला हक्क नाही. पण तू मला आवडतेस... हे न सांगता तुला जाऊ देववत नाही."

ती ओल्या पायरीकडे बघत राहिली. "कायमच्या ठेवून घ्यायचा इरादा आहे?"

"जँडल्स?"

"जँडल्सपासून सुरुवात करू."

तो हसला, पण हात पुढे आले नाहीत.

"मालकिणीची संमती असली, तर तो गुन्हाच नाही," ती हळूच म्हणाली. "ठेव. ऑकलंडला घेऊन ये... उत्तर तिथं देईन."

ती अनवाणीच स्टेशनकडे निघाली. या देशात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

सोमवारी ती गेली. मैत्रेयनं शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढलं आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंतची माहिती अशी : जँडल्स त्याच्या दारात, बेबीताईंच्या चपलांशेजारी आहेत. बेबीताईंनी त्या धुऊन, पुसून ठेवल्या आहेत. कुणाच्या, ते अजून विचारलेलं नाही.