सरांचा मोडता

मगदूम सरांनी आमटीला नावं ठेवणं सोडलं, तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, चला, ओवीकाकू सुटल्या एकदाच्या.

श्रेयस मगदूम म्हणजे मिरजेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर. बायकोची, म्हणजे ओवीकाकूंची, खानावळ. कॉलेजची पोरं बोटं चाटत जेवून जायची आणि हे गृहस्थ मात्र ताटावर बसले की म्हणणार, "आज आमटीत कृष्णा नदी सोडलीस काय?" काकूही काही कमी नव्हत्या. "उद्या कोयना सोडते," म्हणायच्या आणि वाटी पुढे सरकवायच्या.

मग सरांना झटका आला. मेंदू शाबूत, अंग शाबूत, पण दोन्हींना जोडणारा मानेजवळचा रस्ताच उखडला. पूर्वी असा माणूस आयुष्यभर डोळे मिटून पडून राहिला असता. आता तसं होत नाही. मानेमागे बोराएवढी चिप बसवतात, तिला मज्जासेतू म्हणतात. मेंदूचा हुकूम एका बाजूनं घेऊन दुसऱ्या बाजूनं अंगाला पोचवायचा, एवढंच तिचं काम. प्रत्येक कॉम्प्युटरच्या तळाशी एक मुख्य प्रोग्रॅम असतो, कर्नल. कुणाचं काम आधी करायचं, कुणाचं नंतर, हे तो ठरवतो. त्याच्या हाताखाली ड्रायव्हर, म्हणजे एकेका अवयवाची भाषा जाणणारे छोटे प्रोग्रॅम. सेतूतही तसंच. जिभेचा ड्रायव्हर वेगळा, बोटांचा वेगळा, डोळ्यांचाही वेगळा. हृदय आणि घाम तेवढे सेतूबाहेर, ते आपले आपण चालतात.

पण सेतूवरून हुकूम पोचायला अर्धा सेकंद लागायचा. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. अर्धा सेकंद उशिरा हसणाऱ्या माणसासमोर बसून बघा एकदा, जीव नकोसा होतो. म्हणून शास्त्रज्ञांनी कर्नलला अंदाज करायला शिकवलं. हा माणूस अशा वेळी काय बोलतो, कसा वळतो, हे त्याच्या जुन्या आठवणींवरून आणि रोजच्या वागण्यावरून शिकून घ्यायचं आणि हुकूम यायच्या आधीच तोंड उघडायचं. अंदाज बरोबर असला तर मेंदू गप्प बसतो. चुकला तर मेंदू एक नकाराचा इशारा पाठवतो आणि अंदाज जागच्या जागी थांबतो. या इशाऱ्याला सेतूवाले लोक मोडता म्हणतात. माणूस जोवर मोडता घालू शकतो, तोवर अंग त्याचं.

यंदा जुन्या चिपा बनायच्या बंद झाल्या. सगळ्यांना नवी चिप बसवली. चिप नवी म्हणून ड्रायव्हर नवे, आणि ड्रायव्हर नवे म्हणून कर्नलमध्ये आठ बदल. त्यानंतर सर गोड झाले. "छान झालंय, ओवी." "दमली असशील, बस जरा." शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस बाई.

असे पाच महिने गेले. काकू एके दिवशी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. सर तोंडभर हसत होते. काकूंचा हात छातीला लागला आणि आतलं काळीज असं धडधडत होतं, जसं बंद खोलीतून कुणी दार बडवावं. हातातलं काम टाकून त्या तडक हॉस्पिटलच्या सेतू विभागात गेल्या.

तिथं तन्वीर शिकलगार होता. कर्नलच्या चुका शोधून दुरुस्त करायच्या, ही त्याची नोकरी. कॉलेजची चार वर्षं तो काकूंच्या खानावळीत जेवला होता.

"तन्वीर, आमच्या घरात बसलेत ते तुझे सर नव्हेत."

"काकू, अहो सगळ्या चाचण्या पास झाल्यात."

"कुणावर घेतल्यास चाचण्या?"

"बाहुल्यावर. म्हणजे एक नकली मेंदू असतो आमच्याकडे..."

"तो बाहुला कधी नाही म्हणतो काय?"

बाहुला कधीच नाही म्हणत नव्हता. नाही म्हणायला कुणी असावं लागतं. तन्वीरचा चेहरा पडला.

"काकू, आठांतल्या एखाद्या बदलानं मोडता तुटला असेल तर... सर आत आहेत. सगळं ऐकतायत, बघतायत. तोंड मात्र परस्पर बोलतंय. आणि लोक खूश झाले की यंत्राला वाटतं आपला अंदाज बरोबर, म्हणून ते आणखी गोड होत जातंय."

"पाच महिने?" काकू म्हणाल्या. "पाच महिने मी त्या माणसाला जेवण भरवतेय आणि तो आत ओरडतोय?"

"शेकडो लोकांना बसवलीय ही चिप. एका घरातनं तक्रार नाही."

"कोण करतंय तक्रार! हो ला हो करणारं माणूस कुणाला नको असतं रे?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "ते जाऊ दे. माझे सर बाहेर काढ आधी. जुनंच घाल की परत."

ते शक्य नव्हतं. झोपेतला श्वास सांभाळणारा बदल आठवा होता. तो नसला तर नव्या चिपवर माणसाला झोप लागली की श्वास थांबायचा. म्हणजे आठांतला एक सडका तेवढा काढायचा आणि बाकीचे सात ठेवायचे. वाचून तो सापडेना. तेव्हा तन्वीरनं कर्नल दुरुस्त करणाऱ्यांची जुनी पद्धत सांगितली.

"गणपतीची दिव्यांची माळ बिघडली तर आपण काय करतो? निम्मी माळ लावून बघतो. पेटली तर दोष पलीकडच्या निम्म्यात. मग त्याच्या निम्मी. तसं. आधी पहिले चार बदल घालून सरांना जागं करायचं. तुम्ही सांगायचं, हे सर आहेत का. चांगलं की वाईट. एवढंच."

"आणि मला कळलं नाही तर?"

"तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. मग मी वेगळी वाट काढतो. पण एक उत्तर चुकलं ना काकू, तर ही पद्धत तेवढ्याच खात्रीनं भलत्या बदलाकडे बोट दाखवते. तिला शंका येत नाही."

हृदयाचे ठोके मोजून भागलं नसतं. कर्नल बदलायचा म्हणजे सेतू बंद करून चालू करायचा, आणि त्या भीतीनं काळीज तसंही तासभर धडधडतंच. शिवाय दर बंद-चालूला मज्जातंतूंच्या टोकांना इजा होते. सेतू विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं, सरांची टोकं चार वेळा सोसतील, पाचव्यांदा जुळायची नाहीत. तीन वेळा चाचपायचं आणि चौथ्यांदा दुरुस्त कर्नल घालून कायमचं मिटवायचं, असा हिशेब बसला. आणखी एक होतं. यंत्र फार लवकर शिकतं, म्हणून दर वेळी प्रश्न नवा हवा. असा, की ज्यावर सर काय म्हणणार हे काकू डोळे झाकून सांगू शकतील.

"त्याची नको तुला काळजी," काकू म्हणाल्या. "ह्या माणसाचं ‘नाही’ मी कोळून प्यालेय."

पहिल्या खेपेला चार बदल. काकूंनी मूठभर मीठ टाकलेली आमटी भरवली. सरांचे ओठ हलले. "छा..." आणि तिथंच अडकले. मग एकेक शब्द ओढत बाहेर आला.

"खारट... आहे. जीव... घेतेस काय?"

काकू हसल्या काय, रडल्या काय! "चांगलं रे, तन्वीर, चांगलं! हेच माझे!"

"ओवी," सर म्हणाले. सगळा चेहरा थरथरत होता. "आत... नको. परत आत... ठेवू नको मला."

"नाही हो. दोनच दिवस. काढते मी तुम्हाला." सर दमून पेंगायला लागले, श्वासाचा आकडा घसरला आणि तन्वीरला सेतू बंद करून त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं.

दुसऱ्या खेपेला सहा बदल. काकूंनी विचारलं, "अहो, कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते ना?"

"हो गं," सर चटकन हसून म्हणाले. "तू म्हणतेस तर मिळत असेल. घाबरू नकोस, मीच आहे."

जन्मभर कृष्णेला बंगालच्या उपसागरात पोचवणारा माणूस तो. "वाईट," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

म्हणजे दोष पाचव्या नाहीतर सहाव्या बदलात. तिसऱ्या खेपेला पाच बदल घालायचे आणि सोक्षमोक्ष. या खेपेसाठी काकूंनी सगळ्यात पक्का नकार राखून ठेवला होता.

त्यांची मुलगी शाल्मली डॉक्टरकी शेवटच्या वर्षी सोडून लडाखला हिमनद्या मोजायला गेली होती. भूगोलाच्या मास्तरानं खरं तर पेढे वाटायला हवे होते! पण सरांनी तिला सांगितलं होतं, या घरात पाऊल टाकायचं नाही. त्याला सहा वर्षं झाली. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती आणि झटक्यानंतरही कुणी काढलं नव्हतं. काकू तिच्याशी चोरून बोलायच्या.

सेतू चालू झाला. सरांनी डोळे उघडले. काकू त्यांच्याकडे वाकल्या.

"अहो, शाल्मलीला घरी बोलवू?"

"ना..." सरांचे ओठ हलले आणि थांबले. कपाळावर घाम फुटला. मग हळूहळू, "बोलव. बोलव तिला. चुकलं... माझं."

काकू ताडकन मागे सरकल्या. तन्वीरही दचकला.

"ऐकलंस?" काकूंचा आवाज फाटला. "नाही म्हणत होते ते. माझ्या डोळ्यांदेखत ‘नाही’ ओठावर आलं आणि ह्या मेल्या यंत्रानं गिळलं. वाईट. बंद कर."

"ओवी," सर म्हणाले. "मीच... बोलतोय."

"काल पण हेच म्हणालं होतं ते! मीच आहे म्हणे!"

"काकू," तन्वीर चाचरत म्हणाला, "वाटलं तर ‘माहीत नाही’ म्हणा. मी..."

"मला माहीत नाही?" काकू कडाडल्या. "अरे, जन्म गेला माझा ह्या माणसाबरोबर! हा मेला तरी चुकलं म्हणायचा नाही. तू मला सांगतोस? बंद कर म्हणते ना!"

तन्वीरनं सेतू बंद केला. सरांचे ओठ पुढच्या शब्दाला उघडले होते, ते तसेच राहिले.

पाचवा बदल काढून टाकला. बोटांची पकड सुधारणारा, साधा, निरुपद्रवी बदल होता तो. चौथ्या आणि शेवटच्या खेपेला दुरुस्त कर्नल घातला. काकूंनी देवाचं नाव घेऊन विचारलं, "अहो, तुमची सगळी पुस्तकं रद्दीत घालू?"

"घाल की," सर हसले. "जागा होईल तुला."

काकूंनी तन्वीरकडे बघितलं. खेपा संपल्या होत्या.

दोन दिवसांनी दुपारी तन्वीर खानावळीत आला. पंगत उठली होती. काकूंनी सवयीनं ताट वाढायला घेतलं, तर त्यानं त्यांचा हात धरला.

"काकू, दोष सहाव्यात होता. कर्नलमध्ये सगळ्याच अवयवांसाठी अंदाजाचा नंबर मोडत्याच्या आधी लागला होता, म्हणून मोडता पोचेपर्यंत शब्द बोलून झालेला असायचा. सापडलं आता. बाकी सगळ्यांना दुरुस्त कर्नल जाईल. दोन-चार घरांनी तर कळवलंय, नको, आहे तेच राहू दे."

"आणि आपले सर?"

पाचवी खेप नव्हतीच.

"थांब," काकू म्हणाल्या. "सहाव्यात होता? मग तिसऱ्या खेपेला तर पाचच घातले होते."

"हो."

"म्हणजे त्या वेळी..."

"त्या वेळी मोडता चालत होता, काकू. पहिल्या दिवशी ‘छान’ म्हणताना कुणी अडवलं? सरांनी. तसंच हेही. घरात शाल्मलीचा विषय कुणी काढला नव्हता, त्यामुळं यंत्राकडे सहा वर्षांपूर्वीचाच नकार होता. ‘ना’ यंत्राचं होतं. ते सरांनी अडवलं. ‘बोलव’ म्हणाले ते सर."

पाच महिने आत कोंडून पडलेल्या माणसानं सगळा विचार करून, अंगातलं सगळं बळ लावून, जन्मात पहिल्यांदा चुकलं म्हटलं होतं. आणि काकूंनी त्याला ओळखलं नव्हतं. यंत्रानं सरांचा अंदाज बांधला होता, तसाच त्यांनीही बांधला होता. सरांनी मोडता घातला आणि काकूंपर्यंत तोही पोचला नाही. "मी कोंडलं रे त्यांना," त्या म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या.

संध्याकाळी त्यांनी खुर्ची सरांच्या समोर ओढली. "ऐकताय ना? मला कळलंय. बोलावते मी तिला." सर गोड हसले. "दमलीस तू, झोप जरा," म्हणाले.

काकूंनी लडाखला फोन लावला.

"शालू, बाबांनी बोलावलंय तुला. चुकलं म्हणाले. आपल्या तोंडानं म्हणाले गं."

पलीकडे वारा घोंघावत होता. "बाबा? आणि चुकलं म्हणाले?" शाल्मलीनं विचारलं. "आई, शपथ? दे ना त्यांना फोन." काकूंनी भरात फोन स्पीकरवर टाकून सरांपुढे धरला. "बाबा, मी शालू. येऊ का मी घरी?"

काकू भानावर येऊन फोन मागे घ्यायला गेल्या, पण शब्द त्यांच्या आधी पोचला. सरांच्या तोंडून, जराही न अडखळता, पूर्वीच्या त्याच करड्या आवाजात.

"नाही. या घरात पाऊल टाकायचं नाही तू."

"हां," शाल्मली म्हणाली. "हे खरे बाबा."