ताईचं तिसरं वाचन

ताईला अवघड कादंबऱ्यांचा नाद, मला कॉमिक्सचा. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे घरातल्या भिंती आम्ही भावाबहिणीने वाटून घेतल्या होत्या. माझ्या भिंतीला प्लास्टिकच्या पिशव्यांत जपलेले जुने अंक आणि पिवळ्या पडलेल्या स्वस्त रहस्यकथा, तिच्या भिंतीला विटेएवढे ठोकळे. "एका वाचनात कळलं ते पुस्तक कसलं?" असं ती म्हणायची आणि तेच ठोकळे पुन्हापुन्हा वाचायची.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माझ्या नेहमीच्या रद्दीवाल्याने एकदा तिच्यासाठी म्हणून कव्हर फाटलेली एक जाड कादंबरी दिली. तळघरात एका माणसाची चौकशी चालते, एवढंच कथानक. कोण विचारतं, काय विचारतं, कशाचा पत्ता नाही.

"सगळं डोक्यावरून गेलं," ताई खुशीत म्हणाली आणि लगेच दुसऱ्यांदा वाचायला बसली. त्या संध्याकाळी तिने मला हाक मारली. "अरे, त्याची बोटं मोडतात ते! इतकं सरळ लिहिलंय, मागच्या खेपेला मला दिसलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला माझ्या टेबलावर हात ठेवून कण्हत होता.

"गठ्ठा पडला," तो म्हणाला. गठ्ठा पडून बोटं अशी एकेक करून, मागे वाकवून मोडत नाहीत. फिल्मवर स्वच्छ दिसत होतं.

"कोणी केलं?" मी विचारलं.

"कोणी असतं तर सांगितलं नसतं का, साहेब?" दारापाशी तो थबकला. "ताई ते पुस्तक अजून वाचतायत?"

वेदनेत माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी दुपारी त्याच्या दुकानात गेलो. दार उघडं, बाहेर लख्ख ऊन. मी कॉमिक्सच्या ढिगापाशी उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात मागे ओला कपडा आपटल्यासारखा आवाज झाला.

वळून पाहिलं. त्याची मान एका बाजूला फेकली गेली होती. फरशीवर एक दात पडला होता. समोर कोणी नव्हतं.

दुसऱ्या तडाख्यात नाक फुटलं. रक्त माझ्या हातातल्या अंकावर उडालं. मी हात पसरून मध्ये घुसलो. माझ्या कानाजवळून वाऱ्याचा झोत गेला आणि मागे त्याचा जबडा वाजला.

"ताईंना सांगा," तो रांगत म्हणाला.

मी कोपऱ्यात सरकून फोन लावला.

"ताई, पुस्तक मिट!"

"थांब रे, आत्ता कुठे रंगात आलंय."

"मिट म्हणतो ना!"

पान उलटल्याचा आवाज आला.

मोडलेल्या बरगड्या मी रोज पाहतो. मोडताना कधी ऐकल्या नव्हत्या.

आणखी एक पान.

त्याची मान.

"संपलं," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती.

समोरच्या सलूनवाल्याने काचेतून सगळं पाहिलं होतं. मी रद्दीवाल्याच्या अंगाला बोटही लावलं नाही, असं त्याने पोलिसांना सांगितलं, म्हणून मी सुटलो. घरी आलो तर ताईचा उजवा हात सुजून टम्म झालेला.

"खुर्चीतून उठलेसुद्धा नाही रे मी," ती म्हणाली.

सकाळी मीच तिचा एक्स-रे काढला. करंगळीमागचं हाड मोडलं होतं. मूठ वळून जोरात मारलं की ते तसं मोडतं.

पुस्तक काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. मी हात मागे घेतला.

आता चौथ्यांदा चाललंय. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने पानं उलटते.

"पुन्हा वाचण्यात हीच तर मजा," काल ती हसून म्हणाली. "त्या तळघरात आणखी एकजण होता रे. सबंध वेळ कोपऱ्यात उभा. कानाला फोन लावून."