उसन्या आठवणी

सकाळी चहा पिता पिता बायकोने त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोणकोण असतं हो?"

त्याला वाटलं, थट्टा चाललीय. तोही म्हणाला, "एक बायको आहे. जरा तोंडाळ आहे."

ती हसली. कप खाली ठेवत म्हणाली, "मग निघा आता. वाट बघत असेल."

तिने उठून खरोखरच दार उघडून धरलं, तेव्हा त्याला कळलं.

तो एका संशोधन संस्थेत चाचण्या घ्यायचा. दलदलीत उगवणाऱ्या एका वनस्पतीच्या अर्काने मेंदूची झीज थांबते का, ते तिथे तपासत होते. उंदरांवर करून झालं होतं, आता माणसांची पाळी होती. निम्म्या पेशंटना अर्काच्या कॅप्सूल मिळायच्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण नुसत्या पिठाच्या. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना त्याला. बायकोचं नावही त्याने तिथेच घातलं. तिची तपासणी नियमाप्रमाणे दुसरा माणूस घ्यायचा. वर्षभरात ती आधी बोलायची थांबली, मग जेवायची. शेवटच्या दुपारी मात्र दवाखान्यात तिने डोळे उघडले आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय." तो वाकला. ती त्याच्याकडे बघत राहिली. जे काही तिच्या ओठांवर आलं होतं, ते त्याच्या डोळ्यांदेखत निसटून गेलं. संध्याकाळी ती गेली.

तिच्या वाट्याला पीठच आलं असणार, असं त्याने धरून टाकलं. घर खायला उठत होतं, म्हणून आठवड्याभरात तो कामावर हजर झाला.

तपासणीची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि घड्याळ पेशंटच्या पाठीमागे, म्हणजे त्याचं लक्ष तिकडे जाऊ नये. खालच्या मजल्यावर ती पानं वाळत घातलेली असायची. त्यांचा ओलसर, कडवट वास जिन्यातून वर यायचा. आधी शब्द आठवून सांगायचे, मग पाहिलेलं चित्र काढायचं, आणि शेवटी घरची आठवण. नातेवाईक एक जुना प्रसंग त्याला आधीच सांगून ठेवत, आणि पेशंटला तो आठवतो का, हे बघायचं. पेशंट भलतंच काही सांगू लागला तर तेही चाचणीच्या प्रमुख मॅडमना कळवायचं, कारण तो औषधाचा दोष असू शकतो.

सुरुवात एका म्हाताऱ्या शिंप्यापासून झाली. दुकानात पहिलं मशीन आलं तो दिवस त्याने मशीनच्या चाकाच्या रंगासकट सांगितला. मग त्याच दमात म्हणाला, "आणि माझा पाय मुरगळला तेव्हा तुम्ही मला पाठुंगळी घेतलंत. जिना चढताना म्हणालात, बाईसाहेब, उद्यापासून भात बंद."

त्याची लेक खो खो हसली. "बाबा, तुम्हाला उचलायला क्रेन मागवावी लागेल! साहेबांची कंबर मोडायची."

तोही हसला. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोला तसं उचललं होतं, आणि शब्दही हेच होते.

त्याने स्वतःची समजूत घातली. तपासणीला आली की शिंपी आणि बायको बाहेरच्या बाकावर शेजारी बसायची. तेव्हा ती बोलकी होती, तिनेच सांगितलं असेल. मॅडमना कळवण्यासारखं त्यात काय होतं?

मग एक शिक्षिकाबाई आल्या. निवृत्त झालेल्या, बायको गेल्यानंतर दाखल झालेल्या. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. आपल्या पहिल्या वर्गाची हकीकत त्यांनी व्यवस्थित सांगितली. मग त्याच्या शर्टाकडे बघत म्हणाल्या, "कॉलर आत वळलीय." आणि थोड्या वेळाने, "मी रोज खिडकीत उभी राहायचे. काचेला कपाळ टेकून, तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत. तुम्ही एकदाही मागे बघितलं नाहीत."

हे त्याला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी तो ऊन असतानाच घरी पोचला. तिरप्या उजेडात खिडकीच्या काचेवर तेलकट डाग दिसत होता. कपाळाएवढा. त्याच्या छातीच्या उंचीला.

त्यानंतर तो पेशंटना बायकोबद्दल विचारूच लागला. एका ट्रक ड्रायव्हरला तिच्या आईच्या हातांचा वास आठवत होता. एका सुताराला तिच्या बाहुलीचं नाव ठाऊक होतं. सगळ्यांना नाही, निम्म्यांनाच. आणि त्याच निम्म्यांचे शब्द चुकत नव्हते, चित्रं हुबेहूब येत होती.

मॅडम खूश होत्या. "अर्क काम करतोय हो! तुमच्या मिसेस असत्या तर..."

"हो," तो म्हणाला.

एका दुपारी शिंप्याच्या लेकीने त्याला जिन्यात गाठलं. या वेळी ती हसत नव्हती. "साहेब, बाबांना सगळं आठवतं, पण घरात पाहुण्यासारखे बसतात. मशीनला हात लावत नाहीत. काल मला म्हणाले, मला मूलबाळ नाही."

त्याला आणि बायकोला मूल झालं नव्हतं.

तो मॅडमच्या दारापर्यंत गेला. सांगितलं असतं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या असत्या. त्याबरोबर तिची बाहुली, तिची खिडकी, आणि ते राहिलेलं एक वाक्यही. दारावर टकटक करायला उचललेला हात त्याने खाली घेतला.

पुढच्या खेपेला शिक्षिकाबाई आल्या तेव्हा त्याने शब्द विचारले नाहीत. चित्रही दाखवलं नाही.

"दवाखान्यात," तो म्हणाला, "शेवटच्या दुपारी. काय सांगायचं होतं?"

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

आवाज बाईंचा नव्हता.

तो पुढे वाकला.

"अगदी जिभेवर आहे. येतंय आणि जातंय."

"सावकाश. घाई नाही."

"त्या गोळ्या अजून घ्यायला हव्यात मला. मग येईल."

दार किलकिलं झालं. बाईंच्या नवऱ्याने डोकं आत घातलं. "झालं का गं?"

बाईंनी खुर्ची जरा मागे सरकवली आणि हळूच समोर बसलेल्या त्याला विचारलं, "हे गृहस्थ कोण? मघापासून बाहेर ताटकळलेत."

नवऱ्याने ते ऐकलं नसावं. आशेने बघत त्याने विचारलं, "सुधारणा आहे ना, साहेब?"

"आहे," तो म्हणाला. पुढच्या महिन्याची बाटली त्याने स्वतः उठून नवऱ्याच्या हातात दिली. एकही दिवस चुकवू नका, असं दोनदा बजावलं.

मॅडमना त्याने अजून काही सांगितलेलं नाही.