नाशपातीविषयी बोलायचं नाही

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी झोपले होते. प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये, भर दुपारी, टेबलावर डोकं टेकून. जाग आली तर समोर एक अनोळखी माणूस माझा कॉफीचा कप धरून बसलेला.

"तुमच्या कोपरानं सांडला असता," तो म्हणाला. "म्हणून धरला."

"किती वेळ?"

"कॉफी थंडगार होईपर्यंत…"

तो वरच्या मजल्यावरचा गणितवाला निघाला. जड अणूंची केंद्रकं बहुतेक गोल असतात, नाहीतर अंड्यासारखी लांबट. पण याच्या गणितानुसार एका केंद्रकाचा आकार नाशपातीसारखा निघायला हवा होता, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. तो तसा आहे का, हे तळमजल्यावर आम्ही मोजत होतो. रात्रपाळ्या करून करून माझा पार पिट्ट्या पडला होता.

आमच्या गटप्रमुख मॅडमनी मला दम भरला, "निकाल पक्का होईपर्यंत त्याच्याशी यावर अवाक्षर बोलायचं नाही. नाहीतर त्याला हवं तेच तुला दिसायला लागेल."

मग आम्ही उरलेल्या सगळ्यावर बोललो. त्याच्या आईचा गुडघा, माझी पाठ, माझ्या आत्यानं शोधलेली स्थळं.

"आत्या म्हणते, अणूच्या पोटात डोकावत बसलीस तर लग्नाचं वय उलटून जाईल."

"त्यांना सांगा… डोकावणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही, मीही आहे."

माझे कान तापले. थकव्यानं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर तो मला आवडायला लागला होता, आणि त्याची नोकरी मुदतीची होती. नाशपाती निघाली तर मुदत वाढणार, नाहीतर उन्हाळ्यात गाशा गुंडाळायचा. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

आज निकाल पक्का झाला. आकार लांबट होता, दोन्ही टोकं अगदी सारखी. मॅडम म्हणाल्या, "जा, आता सांग त्याला." मी जिना चढून वर गेले.

"नाशपाती नाही," मी दारातूनच म्हणाले. गोड बोलून सांगायचं त्राणच नव्हतं.

तो फळ्यापासून वळला. खुर्ची पुढे सरकवली. "बस आधी. पडशील."

इतके दिवस तो मला 'अहो-जाहो' करत होता. मी बसले.

"मोजण्यात चूक नाही ना?"

"नाही. असावी म्हणून खूप शोधली."

"माझ्यासाठी?"

मी मान डोलावली. तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बाहेर पाऊस रेंगाळत होता. त्याची चार वर्षांची मेहनत मीच पाण्यात घातली होती आणि मला रडायचाही कंटाळा आला होता.

"आता बंदी उठली ना?" त्यानं विचारलं.

"नाशपातीवरची… हो."

"मग दुसरंही सांगून टाकतो. मला तू आवडतेस. नाशपाती निघाली की विचारणार होतो, दिमाखात. आता नोकरीही नाही राहणार. कुठल्या गावी जाईन, तेही माहीत नाही."

मी हातांत तोंड लपवून हसले. की रडले, कोण जाणे.

"आत्ता मी हो म्हटलं तर तुला वाटेल… कीव करतेय."

"वाटू दे," तो माझ्यासमोर जमिनीवरच बसत म्हणाला. तोही किती दमला होता! "तू हो तर म्हण."

मी हो म्हणाले.