सदतिसावं खातं

सातवीचा भूगोलाचा तास सुरू झाला की विल्सन सर आधी खिडक्यांचे पडदे ओढायला लावत. मग भिंतीवर पृथ्वी दिसे, आणि सर ती हळूहळू जवळ आणत, थेट मुलांना आपापल्या इमारतीची गच्ची सापडेपर्यंत. ठाणे पूर्वेला, खाडीपासून जेमतेम पाच मिनिटांवरची ती जुनी तीन मजली शाळा. पुस्तकं सगळ्या शाळांत असतात तीच. पण विल्सन परेरांच्या तासाला शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा दाराशी घुटमळत.

जागृती भोईर शाळेत संगणक शिकवायची. डोंबिवलीहून रोज यायची. सरांना तांत्रिक मदत लागते म्हणून ती त्या तासाला मागच्या बाकावर बसे आणि बघता बघता स्वतःच विद्यार्थिनी होऊन जाई. सर चोपन्न वर्षांचे, माउस अजून जपून धरणारे. पण एकाच जागेची वीस वर्षांची उपग्रहचित्रं एकामागून एक सरकवायची आणि "काय गेलं?" एवढंच विचारून गप्प राहायचं, ही त्यांची हातोटी तिला कुठल्याही प्रशिक्षणात दिसली नव्हती. मुलं उठून भिंतीपाशी धावत.

"सर, इथलं तळं गेलं!"

"सर, खाडी बारीक झालीय!"

सर मान डोलवत आणि पुढचं वर्ष काढत.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी नवीन काम दिलं. घराजवळच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, एखाद्या जागेचं जुनं नाव विचारायचं आणि वर्गाच्या ऑनलाइन नकाशावर तिथे खूण टाकून ते लिहायचं. जागृतीने छत्तीस मुलांची छत्तीस खाती उघडून दिली. पंधरा दिवसांत नकाशा खुणांनी भरून गेला. टॉवरच्या जागी 'चिंचेची वाडी', पेट्रोल पंपाच्या जागी 'गाढवतळं'.

मग एका सकाळी खाडीच्या कांदळवनात एक खूण दिसली. तिथे कुणी राहत नाही आणि आत जायला वाटही नाही. खुणेखाली लिहिलं होतं, 'राघोचं आगर. उघाडी मोडली. पाणी घोटाभर.' लिहिणारीचं नाव, बायजा.

"सर, उघाडी म्हणजे?" जागृतीने विचारलं.

"मिठागरात भरतीचं पाणी घ्यायची लाकडी झडप." सर स्क्रीनकडे बघतच राहिले. "कुणीतरी फार चांगल्या माणसाला विचारलंय. कोणी टाकलीय ही?"

तिने यादी काढली. छत्तीस खाती, छत्तीस नावं. त्यांत बायजा नव्हती. वर्गात विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुसरी खूण आली, तिसऱ्या दिवशी तिसरी. 'मधला बांध. खेकड्यांनी पोखरला.' 'काळी कुंडी. पाणी गुडघाभर.' जागृतीने पासवर्ड बदलले, सगळ्यांना बाहेर काढलं, तरी चौथी खूण आली. खातं काढून टाकावं तर यादीत खातंच नाही. वेळा तेवढ्या दिसत होत्या. सकाळचे सात. मग आठला दहा कमी. मग आठ चाळीस.

"रोज पाऊण-एक तास उशिरा," ती म्हणाली. "एखादा प्रोग्रॅम लावलाय कुणीतरी."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या खिडकीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. मिनिटाचाही फरक नव्हता. प्रत्येक खूण ऐन भरतीच्या क्षणी पडली होती.

शनिवारी दोघं ओहोटीला कांदळवनाच्या कडेला गेले. पुलाखालून चिखलात उतरून, मोबाइलवरचा निळा ठिपका बघत, मुळं चुकवत. पहिल्या खुणेपाशी सर थांबले आणि काठीने चिखल बाजूला केला. खाली दगडात कोरलेली खोबण होती. तिच्यात काळ्याठिक्कर लाकडाचा तुकडा, मधोमध मोडलेला.

सरांनी उकिडवं बसून मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "जागृती," ते म्हणाले, "तीस वर्षं नकाशे शिकवतोय मी. इतका नेमका नकाशा कुणी केलेला पाहिला नाही." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. आपल्याहून मोठा कारागीर भेटल्यासारखा आनंद होता. जागृतीला मात्र घरी जाईपर्यंत पायांना गारवा जाणवत राहिला.

शाळेच्या तळमजल्यावर बालवाडी भरायची. तिथली आया कमळाबाई मिठागरातल्या घरातली, साठी उलटलेली. सोमवारी जागृतीने तिला नावं वाचून दाखवली. कमळाबाई पोरांचे डबे धूत होती. तिचे हात थांबले.

"ही बायजाच हाय. माजे आजीची जाव."

"कोण होत्या त्या?"

"बांधाची राखण तिचेकरं. भरती लागली का निघायची, राघोचे आगरापासून. कुठं पानी शिरंल, किती शिरंल, आधी सांगायची. कधी चुकली नाय." तिने नळ बंद केला. "मोठे बांधावर गेलेली, परत आली नाय. मी तवा जल्मले पन नव्हते."

"हे तुम्ही कुणा मुलाला सांगितलंत?"

"मना आजवर कोनी इचारलंच नाय, बाय."

त्या दिवसापासून खुणा कांदळवनातून बाहेर निघाल्या. एक रस्त्यावर पडली, एक सोसायटीच्या वाहनतळात. दोन्हींखाली एकच शब्द होता, 'बांध'. जागृतीने ठिपके रेघेने जोडले. रेघ सरळ शाळेकडे येत होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, बाराला पाच कमी असताना, खूण बालवाडीच्या खोलीवर पडली.

'उद्या. पाणी कमरेएवढं.'

मुख्याध्यापक रवींद्र सरांनी कपाळाला हात लावला. "विल्सन, फेब्रुवारी आहे. आकाशात ढग नाही. पालकांना काय सांगू मी?"

"सांगा, परेरा सरांना बालवाडीचा तास घ्यायचाय. तिसऱ्या मजल्यावर."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर माझ्यावर हसा. रिटायर होईपर्यंत हसा." सर हसले नाहीत. "या माणसाचं एकही निरीक्षण चुकलेलं नाही. उद्याचं चुकेल असं मानायला माझ्याकडे कारण काय?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बावीस चिमुरडी एकमेकांचे शर्ट धरून जिना चढली. मागून कमळाबाई, काखेत एक रडवं पोर. सरांनी पडदे ओढले, पृथ्वी लावली आणि मांडी घालून त्यांच्यात बसले.

"आता आपण पक्षी आहोत. सांगा, आपलं घर कुठंय?"

जागृतीने तास पुष्कळ पाहिले होते. तसा नाही. पोरं भिंतीवरच्या गच्च्यांना हात लावत होती. एकीने टाकीवरून घर ओळखलं. एकाला देऊळ सापडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा आवाज एकदाही हलला नाही. नजर मात्र घड्याळावर होती.

बारा बेचाळीसला कमळाबाईने मान वळवली.

"पानी," ती म्हणाली.

जागृती जिन्याने खाली धावली.

अंगण कोरडं होतं. रस्ता कोरडा होता. फाटकाशी रिक्षावाला पेपर वाचत बसला होता.

बालवाडीच्या दाराच्या काचेत, आतल्या बाजूने, पाणी उभं होतं.

दाराखालून एक थेंब बाहेर येत नव्हता. आत छोट्या खुर्च्या संथ फिरत होत्या. एक लाल चप्पल काचेला लागून वर वर चढत होती. जागृती काचेपाशी उभी राहिली. काचेपलीकडचं पाणी तिच्या कमरेच्या उंचीला आलं.

आणि थांबलं.

दुपारी तीनपर्यंत ते आलं तसं ओसरलं. फरशीला कुठे भेग नव्हती. माणसं आली, पाहून गेली. कुणी म्हणालं जुना नाला असेल, कुणी म्हणालं झरा. भिंतीवर चारही बाजूंनी मिठाची पांढरी रेघ राहिली. सरांनी टेप लावून ती मोजली आणि आकडा आपल्या हाताने नकाशावर, त्या खुणेखाली नोंदवला. मग सातवीच्या वर्गाला ते म्हणाले, "ज्याने हे काम केलं, त्याचे आभार मानायची रीत असते." छत्तीस मुलांनी खुणेखाली ओळी लिहिल्या. थँक यू, बायजा आजी. आजी, तुम्ही ग्रेट आहात.

बालवाडी कायमची वर हलली. रवींद्र सर कुणावर हसले नाहीत. खुणा यायच्या थांबल्या, आणि जागृतीला हळूहळू झोप लागू लागली.

पौर्णिमेच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तिने सहज नकाशा उघडला. मुलांच्या आभारांखाली, आदल्या रात्रीच्या भरतीच्या वेळेला, बायजाचं उत्तर आलं होतं. पहिल्यांदाच त्यात प्रश्न होता.

'पोरांनो, कितव्या मजल्यावर राहता?'

मुलांनी भराभर उत्तरं दिली होती. नाव, आणि पुढे मजला. पहिला. चौथा. तळमजला. सातवा. छत्तीसच्या छत्तीस.

पाच नावांपुढे, वहीत करतात तशी, बरोबरची छोटी खूण होती; बाकीची एकतीस कोरी. जागृतीने ती पाच पुन्हा पुन्हा वाचली.

त्यांतली सगळ्यात खाली राहणारी मुलगी अकराव्या मजल्यावर होती.