तीन ठोक्यांचं उत्तर

सकाळी दहाला आवाजवाला बुटांची पिशवी खांद्याला लावून स्टुडिओत शिरला, तेव्हा त्याची छाती अंमळ जास्तच फुगलेली होती. का फुगू नये? सिनेमा लेकीचा होता. दिग्दर्शक ती, आणि पडद्यावरचा प्रत्येक आवाज बापाच्या हातचा!

सिनेमातली बाई अवकाशयानात एकटी उरलेली असते. तिची पावलं त्याने लोखंडी तळाचे बूट घालून, पत्र्यावर चालून काढली होती. डावा पाय किंचित ओढत, कारण फार दिवस एकटं राहिलेलं माणूस तसंच चालतं, असं त्याचं ठाम मत. आज शेवटचा आवाज राहिला होता. बाई यानाची भिंत तीनदा ठोकते आणि उत्तर येत नाही.

ध्वनिमुद्रणाची खोली जाड भिंतींची, जुन्या रबराच्या वासाची. दार लावलं की स्वतःचा श्वास मोठा वाटायचा. इथेच मास्तरांनी त्याला घडवलं. मुद्रण चालू असताना बोलायची सोय नाही, म्हणून मास्तर कोपऱ्यात बसून काठीने खूण करायचे. एक ठोका म्हणजे पुन्हा, दोन म्हणजे जमलं. तीस वर्षांत दोन ठोके काही त्याच्या वाट्याला आले नाहीत. मास्तर गेले, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

काचेपलीकडून लेकीने हात दाखवला. त्याने हातमोजा घालून पत्रा ठोकला. एक... दोन... तीन.

मागच्या रिकाम्या कोपऱ्यातून दोन ठोके आले.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोलायचं, डोळेही भरले.

"बाबा... तुम्ही परत ठोकलंत?" लेक दारात येऊन उभी होती.

"मी नाही गं. मास्तर... जमलं म्हणाले."

तिने मुद्रण लावून पाहिलं. दोन ठोके स्वच्छ उमटले होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण शब्द डळमळले नाहीत. "पुसावं लागेल, बाबा. यानातल्या बाईला कोणी उत्तर दिलं, तर ती परत यायला निघेल. मग सिनेमा कसला?"

जन्मभर ज्याची वाट पाहिली, तेच पुसायचं! पण भीतीने थरथरतानाही कामाशी इमान राखणारी ती पोर पाहून त्याला वाटलं, खरे दोन ठोके हिलाच द्यायला हवेत. "पूस," तो म्हणाला. "मास्तरही हेच म्हणाले असते."

पुन्हा तीन ठोके घेतले. या वेळी उत्तर आलं नाही. दोघांनी दिवे मालवले, बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं.

आणि आतून तीन ठोके आले.

लेकीने त्याचा दंड घट्ट धरला. "बाबा, नको..."

"मास्तरच असतील गं," तो पुटपुटला. "मी तीस वर्षं ताटकळलो. त्यांना कशाला ताटकळत ठेवू?" आणि मोठ्या ऐटीत त्याने दारावर दोनदा ठोकलं.

क्षणभर काहीच नाही. मग आतल्या पत्र्यावर पाऊल पडलं. जड, लोखंडी तळाचं. मागोमाग दुसरं, डावं... किंचित ओढत.

ही चाल मास्तरांची नव्हती. पाऊल न पाऊल त्याच्याच हातचं होतं, आणि इतकं बिनचूक की त्या भीतीतही त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

मग त्याने खांद्यावरची पिशवी चाचपली. दोन्ही बूट पिशवीतच होते. पावलं सावकाश दाराकडे येत होती...