बरोबरीची रेघ

शिवाजी पेठेत तालमीमागच्या बोळात माझी अकरावी-बारावीची गणिताची शिकवणी आहे. घरातलीच पुढची खोली. शनिवारी मी उलटा तास घेते. उत्तर मुलांनी द्यायचं, प्रश्न मी मांडायचा. मुलं बिस्किटांच्या डब्यात उत्तरांच्या चिठ्ठ्या टाकतात, मी एक उचलते आणि नेमका तोच उकलसंच देणारी बहुपदी असमानता फळ्यावर रचते. ही पद्धत माझ्या वडिलांची, तात्यांची. चाळीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. अर्धांगवायू झाल्यापासून दीड वर्ष आतल्या खोलीत पडून होते. वाचा पार गेली होती.

तीन तारखेच्या चिठ्ठीत निळ्या शाईनं संख्यारेषा काढली होती. चार ते नऊ, दोन्ही टोकांना भरीव ठिपके. भरीव म्हणजे टोकाचा आकडाही धरायचा. मी लिहिलं: (क्ष − ४)(क्ष − ९) ≤ ०. चिठ्ठी कुणाची म्हणून विचारलं, तर एकही हात वर झाला नाही.

चार तारखेला सकाळी तात्या म्हणाले, "पद्मा, चहात साखर कमी आहे."

कप माझ्या हातातून पडला. नऊ तारखेपर्यंत ते स्वच्छ बोलत होते. दहाला पुन्हा गप्प. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

त्या सहा दिवसांत त्यांचा एकच धोशा होता, उन्मेषला बोलाव. उन्मेष माझा धाकटा भाऊ, मस्कतला असतो. सात वर्षांपूर्वी तात्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. "फोनवर नाही. समोर बसवून सांगायचंय," म्हणायचे. उन्मेषला तिकीट मिळालं ते एकोणीसचं.

दहाच्या शनिवारी पुन्हा निळी शाई. पंधरा ते एकोणीस, टोकं भरीव. तालमीच्या संघानं सामना जिंकला होता, बोळात हलगी वाजत होती आणि पोरांचं सगळं लक्ष दाराकडे. मी वैतागून भराभरा लिहिलं: (क्ष − १५)(क्ष − १९) < ०. चिन्हाखालची बरोबरीची रेघ राहून गेली. म्हणजे दोन्ही टोकं वगळली गेली. मुलांचा असल्या चुकीला मी अर्धा गुण कापते.

पंधराला तात्या गप्पच होते. सोळाला बोलले. तेव्हा मला राहिलेली रेघ आठवली. धावत जाऊन मी ती फळ्यावर ओढली.

एकोणीसला उन्मेष आला तो चपला काढून थेट खाटेशी जाऊन बसला. तात्या त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मागाहून ओढलेली रेघ धरली गेली नव्हती.

विसाला ते गेले.

उन्मेष नुसता रिकाम्या खाटेशी बसून राहायचा. त्याला रेघेचं काय सांगणार होते मी? माझी मलाच किळस येत होती.

चोवीसला शनिवार. सुतकामुळे शिकवणी बंद, तरी सवयीनं डबा उघडला. आत एक चिठ्ठी होती. रेषेवर एकच भरीव ठिपका, सत्तावीसवर.

एका आकड्यापुरती असमानताही रचता येते. कंसाचा वर्ग करायचा. सव्वीसच्या रात्री कुठे खडू उचलायचा धीर झाला. या वेळी मी रेघ विसरले नाही. आधी रेघच ओढली, तीनदा गिरवली, मग वरचं चिन्ह काढलं.

सत्तावीसला सकाळी आतून खोकल्याचा आवाज आला. मग तात्यांचा.

"उन्मेष, तू गेलास ते बरं केलंस. चुकलो ते मी."

खाटेवर कुणी नव्हतं. उशी मात्र दबलेली होती. उन्मेष खाटेची पट्टी धरून रडत होता. मी दार ओढून घेतलं. फार दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

अठ्ठावीसला सकाळी खोकला. मग तेच वाक्य, त्याच आवाजात.

एकोणतीसला दर तासाला.

उन्मेष बॅग भरत होता. "ताई, त्यांना थांबव," एवढंच म्हणाला.

दुपारी माझी बारावीतली पूर्णिमा पिठलं-भाकरी घेऊन आली. सुतकाच्या घरी शेजारून जेवण येतं. डबा ठेवता ठेवता ती फळ्यापाशी थबकली.

"मॅडम, एकच आकडा पायजे होता न्हवं?"

"हो."

"मग चिन्हाचं तोंड उलटं पडलंय. ह्ये तर सगळ्याच आकड्यांना खरं हाय की."

मी वळून पाहिलं. (क्ष − २७)² ≥ ०. रेघ तेवढी ठळक होती.

पूर्णिमानं डस्टर घेतलं आणि फळा स्वच्छ पुसला.

आत तात्यांनी खोकून घसा साफ केला.